गाव तग कसे धरते?
(एका सांघिक संशोधनाची आखणी)

पावसाने महिनाभर ओढ दिली आणि तरीही रानातील बाजरी करपून गेली नाही, म्हणजे आपला शेतकरी म्हणतो, "पीक तग धरून आहे." हा 'तग' शब्द लहान आहे, परंतु त्यात पुष्कळ अर्थ साठलेला आहे. तग धरणारे पीक काही सुखात नसते. दुपारच्या उन्हात त्याची पाने माना टाकतात. पण मुळाशी थोडी ओल शिल्लक असते आणि पुढच्या सरीची वाट पाहण्याइतके बळ त्यात असते. मनुष्यांचा समाजही असाच कधी तग धरतो, कधी धरीत नाही. असे का होते, याचा शोध आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः घ्यावा, असे आम्ही यंदा योजिले आहे. त्या शोधाची आखणी कशी करावयाची, हे येथे सांगावयाचे आहे.

हा विषय आम्हांस कोणत्याही ग्रंथातून सुचला नाही; तो वर्गाच्या हजेरीपटातून सुचला. आमचा प्रदेश पर्जन्यछायेतील. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडते, तेव्हा काही बाके रिकामी असतात. त्या मुलांचे आईबाप मुकादमाकडून उचल घेऊन उसाच्या फडावर गेलेले असतात आणि मुलेही त्यांच्यामागे जातात. होळी-पाडव्याच्या सुमारास ती परततात. काही परततच नाहीत. मागील काही वर्षांचे हजेरीपट समोर ठेवून पाहिले असता आम्हांस असे दिसून आले की, अवर्षणाच्या वर्षी रिकाम्या बाकांची संख्या वाढते. परंतु ती सर्व गावांची सारखी वाढत नाही. एकाच ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावे आहेत. आभाळ तेच, जमीनही जवळजवळ तीच; तथापि एका गावची मुले वर्गात राहिली आणि दुसऱ्या गावची गेली. हे असे का व्हावे? आमच्या संशोधनाचा प्रश्न हाच.

तग म्हणजे काय?

कामास लागण्यापूर्वी शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे; नाहीतर सहा मुले सहा अर्थ घेऊन सहा वाटांनी जातील. कॅनडातील शास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ साली असा विचार मांडला की, सृष्टीतील एखादी व्यवस्था किती स्थिर दिसते यापेक्षा ती किती धक्का पचवून आपले मूळ स्वरूप राखू शकते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. पुढे हाच विचार मनुष्यसमाजासही लावण्यात आला. त्याचे तीन भाग विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पहिला भाग सोसण्याचा: कणगीतील ज्वारी आणि गंजीतील कडबा यांवर एक वाईट वर्ष काढणे. दुसरा जुळवून घेण्याचा: पाणी कमी झाले म्हणून कमी पाण्याचे पीक घेणे. तिसरा घडी बदलण्याचा: सर्व गावाने मिळून पाण्याच्या वापराचे नियम करणे व ते पाळणे.

येथे एक सावधगिरी ठेविली पाहिजे. बियाणे दळून खाल्ले तर आजचा दिवस निभावतो, पण पुढच्या पेरणीचे काय? त्याचप्रमाणे बैलजोडी विकून, दागिने मोडून अथवा मुलीला शाळेतून काढून एखाद्या कुटुंबाने दुष्काळ काढला, तर ते कुटुंब जगले हे खरे. पण त्याने तग धरली असे म्हणता येईल काय? यास्तव आमच्या अभ्यासात 'वाचले किती' एवढेच विचारून भागणार नाही. 'काय देऊन वाचले' हेही विचारले पाहिजे.

दोन दुष्काळांचा धडा

इतिहासातील दोन उदाहरणे घेऊ. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर महाभयंकर दुष्काळ पडला व त्यात लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. सरकारी कामे निघाली होती, परंतु खर्च वाचविण्यासाठी मजुरी इतकी उतरविण्यात आली की, दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या पदरी जेमतेम पौंडभर धान्याचा दाम व त्यावर थोडेसे पैसे पडत. या निर्णयाविरुद्ध मुंबई इलाख्यातील मजुरांनी १८७७ च्या आरंभी कामे सोडून दिली. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने जे केले ते आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच 'सार्वजनिक काका', आणि महादेव गोविंद रानडे यांच्या या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतील आपल्या माणसांकडून पिके, बाजारभाव, पाणी व मजुरांची अवस्था यांची माहिती गोळा केली, ती ताडून पाहिली आणि सरकारपुढे वेळोवेळी ठेविली. एकट्या माणसाच्या डोळ्यांस एक तालुका दिसला असता. अनेकांच्या डोळ्यांनी सबंध दख्खन दिसले. सांघिक संशोधनाचा यापेक्षा चांगला वस्तुपाठ आपल्या इतिहासात शोधावयास नको.

दुसरे उदाहरण १९७२-७३ चे. वृद्ध मंडळी आजही त्यास 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणून ओळखतात. लागोपाठच्या अवर्षणांनी महाराष्ट्रातील शेती कोसळली. परंतु माणसांचे तसे मरण ओढवले नाही. त्याचे एक मोठे कारण म्हणजे गावोगाव निघालेली कामे. १९७३ च्या उन्हाळ्यात खडी फोडणे, रस्ते, बांधबंदिस्ती, पाझर तलाव अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, आणि २००५ साली देशानेही तशाच स्वरूपाचा कायदा केला. दोन्ही प्रसंगी पाऊस फसवा निघाला. परंतु दुसऱ्या प्रसंगी मागण्याचा हक्क आणि देण्याची व्यवस्था यांत फरक पडला होता. अवर्षण आभाळातून येते, पण त्याचा दुष्काळ होणे न होणे पुष्कळ अंशी माणसांच्या हाती असते, हा यातील धडा होय.

सांप्रत हवामानच बदलत असल्यामुळे हा धडा अधिक निकडीचा झाला आहे. मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्राचाही भाग येतो, व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. वर्षाचा पाऊस सरासरीइतका भरला तरी तो चार दिवसांत कोसळून गेला आणि मध्ये पाच आठवड्यांचा खंड पडला, तर कागदावर सुकाळ व शेतात दुष्काळ अशी स्थिती होते.

आमची मागील चूक

विद्यार्थीहो, आमचा पहिला प्रयत्न फसला होता, हे येथे कबूल करणे योग्य होईल. मागील वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने चाळीस प्रश्नांची यादी केली आणि सर्व वर्ग एका रविवारी एका गावात नेला. तीस मुले, तीस वह्या. जो तो दिसेल त्या घरी गेला. एका झोपडीच्या दारात एका मुलाने यादीतील पहिला प्रश्न वाचला, "तुमची जमीन किती?" ती बाई भूमिहीन होती. तिने पदर डोक्यावर ओढला व म्हणाली, "मोठ्या घरी विचारा, बाबा." मुलगा पुढच्या दारी गेला. सायंकाळी वह्या पाहिल्या तेव्हा ध्यानात आले की, बहुतेक सर्व उत्तरे विहीर असलेल्या घरांतील कर्त्या पुरुषांनी दिली होती. दुष्काळाचा घाव ज्यांच्यावर प्रथम पडतो त्यांपैकी एकाचाही शब्द आमच्यापाशी नव्हता. दोष त्या मुलाचा नव्हता. प्रश्नांची यादी आमची होती. त्या दिवशी आम्हांस कळले की, संशोधनात आखणी चुकली म्हणजे परिश्रम कितीही केले तरी ते वाया जातात.

आखणी: पहिली पायरी, प्रश्न

चाळीस प्रश्नांऐवजी एकच प्रश्न घ्यावा. आमचा असा: सारखाच पाऊस पडणाऱ्या दोन गावांपैकी एक गाव अवर्षणाच्या वर्षी आपली माणसे, जनावरे व मुलांचे शिक्षण अधिक राखू शकते, ते कशामुळे? प्रश्न असा घेतला म्हणजे तुलना आपोआप येते. आणि उत्तर शोधण्यापूर्वी प्रत्येकाने आपला तर्क कागदावर लिहून पेटीत ठेवावा. पुढे पुरावा तर्काच्या विरुद्ध गेला तर तो मान्य करण्याचा प्रामाणिकपणा अंगी यावा, एवढाच यातील हेतू.

तर्क बांधताना दोन गावांची उदाहरणे उपयोगी पडतील. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाऊस बेताचाच. एके काळी तेथील माणसे कामासाठी गाव सोडून जात. १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे डोंगरावर समतल चर खणले गेले, ओढ्यांवर बांध आले. ही कामे अन्यत्रही झाली आहेत. परंतु त्या गावाने त्यापुढे जाऊन कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घेण्यास आणि उसासारख्या पिकास मनाई केली, व दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याची प्रथा घातली. दुसरे उदाहरण पुरंदर तालुक्यातील नायगावचे. तेथे बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे दिला गेला, आणि भूमिहीनासही वाटा मानला गेला.

दोन्ही ठिकाणी केवळ पाणी अडविले गेले नाही, तर वापराचा करार झाला. याउलट ज्या गावी प्रत्येक शेतकरी शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर घेतो, तेथे एकेका घराची तग वाढल्यासारखी दिसते व गावाची कमी होते. कारण भूमीखालचे पाणी बांधाच्या खुणा पाहून थांबत नाही. तथापि कराराचाही भार कोणावर तरी पडतोच. चराईबंदी झाली म्हणजे शेळ्यांवर पोट असणाऱ्या घराने काय केले, हेही चांगल्या संशोधकाने विचारावे.

दुसरी पायरी, कामाची वाटणी

तीस विद्यार्थ्यांचे सहा-सहांचे पाच गट करावयाचे आहेत.

१. पाऊस व पाणी. या गटाने दोन्ही गावांत सरळ कडांच्या डब्याचे साधे पर्जन्यमापक मांडावे. ते घरापासून वा झाडापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे, आणि रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजावे. महसूल मंडळाच्या ठिकाणची नोंद उपयोगी असली तरी मंडळात पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडतोच असे नाही. प्रत्येक गावातील पाच विहिरींची पातळी दरमहा एकाच तारखेस, पंप सुरू होण्यापूर्वी, काठावरील ठराविक खुणेपासून मोजावी. हे काम मोठ्या माणसास बरोबर घेतल्याशिवाय कोणीही करू नये.

याच गटास थोडे गणित करावयाचे आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. १ हेक्टरवर ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर ४० लाख लिटर पाणी झाले. ग्रामीण भागात पिण्याच्या व घरच्या वापरासाठी माणशी रोज ५५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे वर्षाचे सुमारे २० हजार लिटर. सबब एका हेक्टरवर पडलेले पाणी घरगुती वापरास सुमारे २०० माणसांना वर्षभर पुरावे! मग शेकडो हेक्टरांच्या शिवारात उन्हाळ्यात टँकर का येतो? किती पाणी उन्हाने उडाले, किती वाहून गेले, किती मुरले, किती पिकांनी घेतले आणि ती पिके कोणाची, हा हिशेब मांडताच प्रश्न भूगोलातून समाजशास्त्रात शिरतो.

२. शेत व जनावरे. कोणते पीक किती शेतावर होते, कडबा किती महिने पुरला, जनावरे केव्हा विकली व कोणत्या भावाने, छावणीत किती गेली, याची नोंद या गटाने करावी. दुभती गाय अखेरीस विकली जाते. ती विकली गेली म्हणजे घराची मजल कोठवर आली ते कळते.

३. घर व स्थलांतर. कोण गेले, किती दिवस गेले, उचल किती होती, मागे कोण राहिले, पाणी कोणी आणले व त्यास दिवसाचा किती वेळ गेला. या गटात मुलींची संख्या निम्म्याहून कमी असू नये. कारण हंड्याचा हिशेब बायका मुलींजवळच मोकळेपणाने सांगतात.

४. दप्तर. तलाठ्याकडील पीकपाहणी, नजरअंदाज, सुधारित व अंतिम अशा तिन्ही पैसेवाऱ्या, ग्रामपंचायतीचे ठराव, टँकरच्या खेपांची नोंद आणि शाळेचे हजेरीपट हे या गटाचे साहित्य. पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की नाही यावर गावास मिळणाऱ्या सवलती दीर्घकाळ अवलंबून असत. म्हणून ती कशी काढतात हे प्रथम समजून घ्यावे.

५. आठवण. बहात्तर साल पाहिलेल्या वृद्धांशी या गटाने बोलावे. कामावर मिळालेली सुकडी, परदेशातून आलेला तांबडा मिलो, आटलेले आड, या गोष्टी ते सांगतील. पण तेवढ्यावर न थांबता, त्या वेळी गावात कोणी कोणास काय दिले आणि आता तसे होते काय, हेही विचारावे.

तिसरी पायरी, विचारण्याची रीत

कोणाच्याही दारी गेल्यावर प्रथम नमस्कार करावा. आपण कोण व कशासाठी आलो ते सांगावे. 'सांगावयाचे नसेल तर सांगू नका' असे स्पष्ट म्हणावे. वहीत नाव लिहू नये, केवळ खुणेचा क्रमांक लिहावा. कर्ज, आजार व घरातील भांडणे यांविषयी आपण होऊन विचारू नये. मजुरीची वेळ मोडू नये. ज्या बाईचा दिवस कामावर जातो तिला संध्याकाळी भेटावे, आणि तिच्या हातात काम असेल तर आपणही ते थोडे हलके करावे. सर्वांत महत्त्वाचे असे की, भेटीची सुरुवात गावाच्या कडेच्या वस्तीपासून करावी आणि मोठ्या वाड्यावर शेवटी जावे. मागील वर्षीच्या चुकीचे हेच प्रायश्चित्त होय.

चौथी पायरी, मेळ घालणे

दर शनिवारी शाळा सुटल्यावर पाचही गटांनी एकत्र बसावे. भिंतीवर दोन्ही गावांचे मोठे नकाशे असतील; प्रत्येक गटाने आपली माहिती त्यांवर निराळ्या रंगाने भरावी. दोन गटांची माहिती जुळली नाही तर कोणीही रागावू नये. उलट तेथेच थांबून विचार करावा. दप्तरात 'गावास टँकर मिळाला' असे असेल आणि वस्तीवरील बाई 'आम्हांस पाणी मिळाले नाही' असे सांगत असेल, तर दोघेही खरे असू शकतात: टँकर गावातील विहिरीत रिकामा झाला असेल आणि वस्ती तेथून दोन मैल असेल. सरासरीच्या आकड्यात अशी वस्ती बुडून जाते. ती वर काढणे हेच आमच्या मते या संशोधनाचे मुख्य काम आहे.

शनिवारच्या बैठकीस प्रत्येक वेळी नवा अध्यक्ष असावा व एकाने इतिवृत्त लिहावे. ज्याची नोंद चुकली त्याने चूक खोडून न टाकता तीवर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी, म्हणजे आपण कोठे चुकलो हे मागाहून येणाऱ्यांस दिसेल.

पाचवी पायरी, काळ

मृगाच्या अगोदर पर्जन्यमापके मांडून व्हावी. श्रावणापर्यंत पाऊस व पिके. दसरा ते दिवाळी घरोघरच्या भेटी, कारण फडावर जाणारी माणसे त्यानंतर भेटणार नाहीत. थंडीत दप्तरे व वृद्धांच्या आठवणी. शिमग्यानंतर परत आलेल्या कुटुंबांची दुसरी भेट. आणि चैत्रात लेखन. एकच वर्ष पाहून निश्चित सिद्धांत मांडू नये. ही वही पुढच्या नववीच्या स्वाधीन करावयाची आहे, आणि चार-पाच वर्षांनी तिच्यात काही सांगण्याजोगे साठेल.

अखेरची पायरी, परतफेड

गावाने आपणांस वेळ दिला, आठवणी दिल्या. त्या घेऊन शाळेच्या कपाटात ठेवणे हे योग्य नव्हे. दोन्ही गावांच्या ग्रामसभेत विद्यार्थ्यांनी आपले निष्कर्ष सोप्या भाषेत वाचून दाखवावे, नकाशा तेथेच ठेवून यावे, आणि गावकऱ्यांनी चूक दाखविली तर ती आनंदाने लिहून घ्यावी.

पालकहो, या कामी तुमचेही साह्य हवे. मुलींना विहिरीच्या मापासाठी व घरोघरच्या भेटीसाठी जाऊ द्यावे. मुलांनी घरी प्रश्न विचारले तर 'तुला काय करावयाचे आहे' असे म्हणून त्यांस गप्प करू नये. आणि ज्यांना यंदा फडावर जाणे भाग आहे, त्यांनी निघण्यापूर्वी एकदा आमच्याकडे यावे. मुलास आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल काय, याचा विचार आपण मिळून करू. हे संशोधन पुरे होण्याची वाट पाहावी असे ते काम नव्हे.

ओढ्याच्या त्या दुसऱ्या काठावरील गावचे तीन विद्यार्थी यंदा नववीत आहेत. त्यांतील एकास आम्ही पर्जन्यमापकाचे काम दिले आहे. परवा तो विचारीत होता, "दिवाळीनंतर मी नसलो तर माप कोण घेईल?" आम्ही त्यास म्हटले की, माप घेणारा दुसरा कोणीही मिळेल, पण तू येथे कसा राहशील, हे आपण आधी पाहू.